घोडीच्या सांध्यांना पावडर कुठली? आधी घमेल्यात काय पडतंय ते बघू

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो. गोव्यात पेडण्याला घरामागे एक घोडी आहे, १४ वर्षांची, रेसमधून काढलेली थरोब्रेड, पुण्याहून आणलेली. सकाळी आखडून उभी असते, कधी पुढचा डावा पाय धरते, चार दिवसांनी बघावं तर मागचा उजवा. दाणा म्हणून रोज ३ किलो गव्हाचा कोंडा आणि २ किलो मक्याचा भरडा, वैरण म्हणून शेजारच्या गोठ्यावरचं हिरवं नेपियर साधारण २० किलो, रात्री थोडा भाताचा पेंढा. कुणीतरी बाहेरून येणारी ग्लुकोसामीनची पावडर सुचवलीय, महाग आहे, तर घ्यावी का, की माणसांच्या गोळ्या चालतील, आणि गूळ द्यावा की नाही.

मी म्हणेन पावडर आत्ता नको. तिचे सांधे खराब नसतीलच असं नाही, रेस खेळलेल्या घोडीचे १४ व्या वर्षी थोडेफार झिजलेले असतातच, पण तुम्ही लिहिलेला दाणा वाचून मला पहिला संशय सांध्यांवर येतच नाही, हाडांवर येतो. माझा धंदा घोड्यांचाच, आधी पुण्यात रेसच्या तबेल्यांत आणि आता बरीच वर्षं डिचोलीकडे. डॉक्टर मी नाही, त्यामुळे औषधाचं येईल तिथे डॉक्टरवर सोडेन, दाण्याचं मात्र ठाम बोलेन.

आता हिशोब बघा. साधारण ४५० किलोच्या, काम न करणाऱ्या घोड्याला दिवसाला १८ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि १३ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस. नुसतं पुरेसं असून चालत नाही, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडता कामा नये, दीडपट दुप्पट असलेलं बरं. तुमच्या ३ किलो कोंड्यातून कॅल्शियम मिळतं जेमतेम ४ ग्रॅम आणि फॉस्फरस ३० च्या वर. मक्यात कॅल्शियम नसल्यातच जमा आणि फॉस्फरस आणखी ६ ग्रॅम. म्हणजे घमेल्यात कॅल्शियम ५ आणि फॉस्फरस ४० च्या घरात, उलटा कारभार. तुम्ही म्हणाल नेपियर आहे ना, हिरवा चारा आहे, त्यात कॅल्शियम असेलच. असतं, पण नेपियरमध्ये ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि घोड्याच्या आतड्यात ते सुटत नाही. गाईला हेच नेपियर चालतं कारण तिच्या पोटातले जंतू ऑक्झलेट आधीच फोडून टाकतात. घोड्यात हे फोडणारे जंतू मागच्या आतड्यात, आणि कॅल्शियम शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्यात, मग उपयोग काय. शेजाऱ्याच्या गाई त्याच नेपियरवर टुणटुणीत आहेत म्हणून तुमची घोडी पण असेल असं नाही. पॅरा ग्रास, सेटारिया, गिनी गवत, सगळ्यांची हीच गोष्ट, कमी-जास्त एवढंच.

मग शरीर काय करतं, रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून काढतं. हाड ठिसूळ होतं, हाडाला चिकटलेले लिगामेंट आणि टेंडन दुखायला लागतात, आणि घोडा आज हा पाय उद्या तो पाय असं लंगडतो. तुमच्या घोडीचं वर्णन अगदी हेच आहे. झिजलेला सांधा सहसा असा पाय बदलत फिरत नाही, तो त्याच पायात दुखतो, आणि सकाळी आखडलेला घोडा दहा-पंधरा मिनिटं चालवला की मोकळा होतो. खुराचं दुखणं असेल तर खडीवर, चिऱ्याच्या अंगणात घोडा जास्त जपून पाय टाकतो आणि मऊ मातीवर बरा चालतो. हे तीन प्रकार मनात ठेवून दोन-तीन दिवस नुसतं बघा. अजून एक, तिच्या तोंडावर डोळ्याखाली गालाच्या हाडापाशी दोन्ही बाजूंनी हात फिरवा, तिथे हाड फुगल्यासारखं, भरल्यासारखं लागलं किंवा ती चावताना गवताचे गोळे टाकत असेल तर आजच डॉक्टरला फोन. इंग्रजीत या आजाराला बिग हेड म्हणतात, पण डोकं मोठं दिसायला लागेपर्यंत बरंच पाणी वाहून गेलेलं असतं, लंगडणं त्याच्या आधी येतं.

डॉक्टरकडे जाताना एक लक्षात असू द्या. आपल्याकडच्या तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर आणि कुत्र्यांवर बसलेला असतो, घोडा त्यांच्यासमोर क्वचित येतो, यात त्यांचा दोष नाही. रक्तात कॅल्शियम तपासलं आणि नॉर्मल आलं तर कोणी गाफील राहू नये, कारण हाडांतून काढून शरीर ते नॉर्मलच ठेवत असतं. लघवीतला फॉस्फरस बघितला तर जास्त उलगडा होतो, आणि रोजच्या दाण्याचा कागद, वजनासकट, डॉक्टरच्या हातात द्या. तो कागद अर्धं निदान करतो.

वजनाचं आलंच आहे तर हे आधी करा. शिंप्याची टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, आलं ते किलोत वजन. समजा घेर १७८ आणि लांबी १६५ आली तर ४४० किलो. दहा-वीस किलो इकडे तिकडे होईल पण अंदाज येतो. मग त्याच्या दोन टक्के, म्हणजे साधारण ९ किलो सुका माल दिवसाला पोटात जायला हवा, त्यातली निदान तीन चतुर्थांश वैरण. तुमचं २० किलो नेपियर दिसायला डोंगर दिसतं, पण त्यात ८० टक्के पाणी, सुकं धरलं तर ४ किलो. म्हणजे वैरणीच्या हिशोबात घोडी अर्धी उपाशी आणि बाकी कोंड्यावर. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत असतं, वैरण कमी पडली की अल्सर होतात, आणि मग घोडी चिडकी झाली, पोट आवळते, खोगीर घालू देत नाही अशा तक्रारी सुरू.

तुमच्या जागी मी असतो तर असं बदललं असतं. कोंडा बंद, एकदम नाही, दहा दिवसांत कमी करत शून्यावर. मका पण बंद, कारण कच्च्या मक्यातलं स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही, मागे जाऊन आंबतं, आणि तिथून पोटशूळ किंवा खूर सुजणं यायला वेळ लागत नाही. सुकी वैरण ६ किलो, आपल्याकडे सड्यावरचं करड, म्हणजे कातळाच्या माळावरचं सुकं गवत, मिळतं ते चालेल, पण पाऊस संपल्यावर वेळेत कापलेलं हवं, दिवाळी उलटून काड्या झाल्यावरचं नको, त्यात नुसता भुसा. त्याच्यासोबत सुका लसूणघास २ किलो. लसूणघास हाच तुमच्या प्रश्नावरचा खरा सप्लिमेंट आहे असं समजा, २ किलोत २५ ग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि फॉस्फरस ५ ग्रॅमच. गोव्यात तो फारसा होत नाही, घाटावरून मागवावा लागतो, चोर्ला घाटातून वैरणीच्या गाड्या येतात त्यांना सांगून ठेवलं तर गठड्या मिळतात, दोघांतिघांनी मिळून मागवल्या तर भाडं परवडतं. दाणा म्हणून ओट्स दीड ते दोन किलो, दोन वेळा वाटून, एका वेळी किलोच्या वर नको. ओट्स नसतील तर भिजवलेला जव. कुळीथ आपल्याकडे घराघरात असतात आणि घोड्याला पूर्वापार देतातच, पण शिजवून, मूठ-दोन मूठ, कच्चे नाही. शिवाय मीठ रोज ३० ग्रॅम, आणि एप्रिल-मेमध्ये घामाने निथळत असेल तर त्याच्या दुप्पट. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, घोडा नुसता पाझरत राहतो, आणि घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा मीठ जास्त असतं. बाहेरून आलेल्या एखाद्या घोड्याचा आपल्याकडे घामच बंद होतो, मग तो धापा टाकतो, हे झालं तर काम बंद आणि डॉक्टर.

वर फीड ग्रेड चुनखडीची पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ३०-४० ग्रॅम, काही महिने, डॉक्टरला विचारून. पानाला लावायचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो, हे मुद्दाम सांगतोय कारण घरात तो हाताशी असतो. आणि गुरांच्या औषधांच्या दुकानात कॅल्शियम मागितलं की डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, देतात, त्यात फॉस्फरस पण भरपूर, तुमच्या घोडीला आत्ता तो नकोच आहे. गाईच्या मिनरल मिक्श्चरचंही तेच. नेपियर पूर्ण सोडता येत नसेल तर चार-पाच किलोवर आणा आणि लसूणघास आणि नेपियर वेगवेगळ्या वेळी द्या. भाताचा पेंढा हातरायला ठेवा, खायला नको. सुधारणा आठवड्यात दिसणार नाही, हाड भरायला महिने जातात, तोवर घोडी पळवू नका, हातात धरून रोज चालवा. बांधून ठेवलेली मात्र अजिबात नको, उभ्या घोड्याचे सांधे जास्त आखडतात.

पुळणीचंही सांगून ठेवतो, पेडण्याला ती जवळच. ओली दाबलेली वाळू चालवायला चांगली, कोरड्या मऊ पुळणीत पाय रुततो आणि टेंडनवर ताण येतो. तुमच्या घरामागची जागा पण वाळूचीच असेल तर दाणा जमिनीवर टाकू नका, खाली रबरी मॅट किंवा घमेलं. वाळू पोटात जाते आणि साचते. तपासायचं असेल तर लिदीचे पाच-सहा गोळे, जमिनीला न लागलेले, पारदर्शक पिशवीत पाणी घालून विरघळवा आणि पिशवी टांगून ठेवा, तळाला वाळू बसली तर कळेल. मग इसबगोल द्यायचं, घोड्याला ते चमच्याने नाही तर वाडग्याने लागतं, किती आणि किती दिवस ते डॉक्टरकडून घ्या.

दुकानातल्या तयार दाण्याबद्दल थोडं. शिगम्याला घोडेमोडणीचे घोडे, म्हणजे माणसांनी कमरेला बांधलेले नकली घोडे, आमच्या डिचोली-सत्तरीत गावोगाव नाचतात, त्यांना ना दाणा लागतो ना नालबंद. खऱ्या घोड्यासाठी मात्र दुकानात उभे राहिलात की दुकानदार गाईचंच पोतं पुढे करतो, हे पण चालतं म्हणून. नाही चालत. गुरांच्या आणि त्याहून जास्त कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन असली औषधं असू शकतात, गाईला ती पचतात, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं. तुमच्या घोडीच्या वजनाला साधारण एक ग्रॅमभर मोनेन्सिन जीव घेऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. एकाच कोठीत कोंबड्यांचं पोतं आणि घोडीचा दाणा ठेवत असाल तर आजच वेगळं करा, डबा-मापं सुद्धा वेगळी. घोड्याचंच पोतं घेताना कॅल्शियम आणि फॉस्फरसचे आकडे छापलेत का आणि बनवल्याची तारीख काय एवढं बघा, वरचा पळणारा घोडा बघू नका.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पोतं उघडलं की पंधरा दिवसांत वास बदलतो. तीन आठवड्यांच्या वर माल भरू नका, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. मक्यावरची बुरशी घोड्याचा मेंदू नासवते, ही अतिशयोक्ती नाही, खरंच तसा आजार आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत पण बुरशीचं विष येतं, मी पावसात ती आणतच नाही. भाताचा कोंडा तर तेलकट, लगेच खवट होतो आणि त्यात फॉस्फरसचं तेच रडगाणं. करड उचलताना धूळ उडाली, नाकाला कुबट वास आला तर तो भारा गाईला सुद्धा घालू नका. पहिल्या पावसानंतर कोवळं हिरवं उगवतं त्यावर घोडीला एकदम सोडायचं नाही, अर्ध्या तासापासून वाढवत न्यायचं. ज्वारीचं कोवळं हिरवं तर कधीच नको, त्यात सायनाइड तयार होतं. बेळगावकडचा सुका कडबा त्या मानाने बरा, पण मी तोही मुख्य वैरण म्हणून देत नाही.

आता पावडरी. वर सांगितलेलं तीन-चार महिने करून, खूर सुधारून, डॉक्टरने सांधा तपासून झिजलाय असं सांगितलं तर मग विचार करा. ग्लुकोसामीन ४५०-५०० किलोच्या घोड्याला दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास देतात. घोड्यात तोंडाने दिलेल्या ग्लुकोसामीनचा फार थोडा भाग रक्तात पोचतो, शेकडा दहाच्याही आत, त्यामुळे लंगडणं कमी झालं असं ठामपणे दाखवणारा पुरावा कमकुवत आहे. काँड्रॉइटिन, अशाच पावडरीत घालतात ते सांध्यांसाठीचं दुसरं द्रव्य, त्याहून थोडं बरं शोषलं जातं, पण तेही महाग, म्हणून डब्यात नावापुरतं घालतात. काही घोडे मला त्यावर सुधारल्यासारखे वाटले, पण त्याच काळात त्यांचं काम कमी केलेलं, वजन उतरलेलं, मग श्रेय कुणाला द्यायचं. माणसांच्या गोळ्यांचं म्हणाल तर अपाय नाही पण ७५० मिलीग्रॅमच्या रोज तेरा गोळ्या लागतील, आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं, पेनकिलर वगैरे, नाही ना ते बघावं लागेल. डबा घ्यायचाच असेल तर एका मापात किती ग्रॅम ग्लुकोसामीन आहे ते छापलेलं हवं, नुसतं 'जॉइंट कॉम्प्लेक्स' लिहून मिश्रणाचं एकूण वजन दिलं असेल तर ठेवून द्या. बाजारातल्या अशा पावडरी तपासल्या तेव्हा लेबलवर लिहिलंय तेवढं आत नसल्याचं आढळलंय.

एमएसएम, म्हणजे सांध्यांसाठी विकतात ती गंधकयुक्त पावडर, स्वस्त आहे, सुरक्षित आहे, फरक पडला तर थोडा. हळद आणि शल्लकी लोक देतात, हळद घोड्याच्या पोटातून रक्तात फारशी जात नाही, पण चिमूटभर द्यायला माझा विरोध नाही, फक्त त्यावर विसंबू नका. डेव्हिल्स क्लॉ नावाची वनस्पती असलेली पावडर स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याला देऊ नका, डोपिंगमध्ये अडकाल. मला स्वतःला पैसे घालायचे तर मी ओमेगा-३ वर घालेन. जवस शिजवून १००-१५० ग्रॅम, कच्चं आणि नुसतं भिजवून ठेवलेलं नको. जवसातलं ओमेगा-३ घोडा सांध्याच्या कामाच्या रूपात फार कमी बदलतो, त्यासाठी माशाचं किंवा शेवाळाचं तेल जास्त कामाचं, पण गोव्यात मासळीला तोटा नसला तरी घोडीला हुमणाची, म्हणजे माशाच्या आमटीची, गोडी नाही, वास आला की घमेलं उलटवते. शेवाळाचं तेल खातात, महाग पडतं.

काहीही सुरू केलंत तर एका वेळी एकच, आणि सुरू करायच्या आधी फोनवर व्हिडिओ. रोजच्या त्याच कडक जागेवर, सकाळी बाहेर काढल्या काढल्या, एकदा चालवत आणि एकदा दुडकी, दोन्ही बाजूंनी. दर पंधरा दिवसांनी तसाच. आठ आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा शेजारी लावून बघा, घरातल्या ज्याला पावडर कधी सुरू झाली ते माहीत नाही त्याला दाखवा. त्याला फरक दिसला नाही तर डबा बंद.

खुरांचं राहिलं. आपल्याकडे नालबंद बाहेरून येतो, म्हणून लोक पाच-सहा आठवड्यांचं काम तीन महिन्यांवर ढकलतात, पुढचा खूर लांब वाढतो आणि प्रत्येक पावलाला खालच्या सांध्यांना झटका बसतो. ज्या पैशात पावडर येते त्यात नालबंदाचं भाडं निघतं, आजूबाजूचे तीन-चार घोडे गोळा करून त्याला बोलवा. खूर गरम लागले, खुरामागे नाडी ठळक उडतेय आणि घोडी मागच्या पायांवर भार टाकून मागे झुकून उभी आहे असं दिसलं तर तो सांधा नाही, वर म्हटलेलं खूर सुजणं आहे, दाणा लगेच बंद करून डॉक्टर बोलवायचा, त्याच दिवशी.

पेनकिलरबद्दल. रेसमधून आलेल्या घोड्यासोबत कधी कधी ब्यूटच्या, म्हणजे फेनिलब्युटाझोन या पेनकिलरच्या, पुड्या पण येतात, त्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका, पोटात अल्सर आणि किडनी दोन्ही जातात, शिवाय लंगडणं झाकलं जातं आणि डॉक्टरला काही कळत नाही. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर खाल्लं की गिधाडं मरतात, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसेक्लोफेनॅक पण बंद केली, त्यामुळे माणसांच्या दुकानातून असलं काही आणून टोचू नका. सांध्यात किंवा स्नायूत द्यायची इंजेक्शनं आहेत, पावडरीपेक्षा त्यांच्यावर माझा विश्वास जास्त, पण ते घोड्याचं काम केलेल्या डॉक्टरनेच करायचं, सांध्यात जंतू गेले तर घोडा गेलाच.

गूळ विचारलात, द्या की. सुपारीएवढा, रोज, चुनखडीच्या पावडरीला चव नसते आणि घोडी ती घमेल्याच्या तळाला सोडते, गुळाच्या पाण्यात कालवून ओट्सवर टाकलीत तर चाटून खाईल. पाव किलोची ढेप मात्र नको, ती लठ्ठ असेल तर गूळ पण नको, पाण्यात भिजवलेल्या लसूणघासाच्या चुऱ्यात पावडर मिसळा.